‘काही करत नाही हो तो!’

आमच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी नाही. कुणी आलं की मी मशीनवरून न उठताच ओरडते, ‘या की आत, काही करत नाही हो तो!’ कापडाचे तागे टाकायला येणारा टेम्पोवाला, लाइटबिलवाला, काज-बटणाचं काम घरी नेणाऱ्या बायका, सगळ्यांना हे वाक्य पाठ आहे. एकदा तर टेम्पोवाल्यानंच बिचकलेल्या नव्या हमालाला सांगितलं, ‘चल बे, काय करत नाय त्यो.’ याच वाक्यानं पुण्यात माझी परीक्षा घालवली. कागदावर नाव शेंग्याचं होतं, पण नापास मी झाले.

शेंग्या आमचा कुत्रा. रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा, म्हणून शेंग्या. चार वर्षांपूर्वी अक्कलकोट तालुक्यातल्या मामेसासऱ्यांच्या वस्तीवरून आणला. आई पश्मी, बाप कोण ते वस्तीवरच्या कुणालाच सांगता येत नाही. पश्मी म्हणजे आपल्या भागातला शिकारी कुत्रा, शेतात सशामागं सोडायचे तो. पलीकडे कर्नाटकात त्याच्याच भाऊबंदांना मुधोळ म्हणतात. २००५ साली टपाल खात्यानं मुधोळचं तिकीट काढलं होतं आणि २०१६ मध्ये लष्करानं मुधोळची पिल्लं मेरठला प्रशिक्षणासाठी नेली. आमच्याकडं त्यातलं निम्मंच रक्त, पण लांब नाक, खपाटीला गेलेलं पोट आणि स्वभाव सगळा आईकडचा आलाय. ‘खायला घालता का नाही ओ त्याला?’ हे रोज एकदा तरी ऐकावं लागतं. अंगाशी कुणी फार झोंबलेलं त्याला खपत नाही. लाड करून घेतो, पण त्याच्या सवडीनं.

सोलापुरात माझं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे, सहा मशिनी, घराच्याच खालच्या खोलीत. माझी धाकटी बहीण विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये तिच्या वर्गातला एक मुलगा आईबरोबर मापं द्यायला आला होता. स्वमग्न मुलगा, नऊ-दहा वर्षांचा. टेप अंगाला लागला की किंचाळायचा. त्याच्या आईनं हात धरायचा प्रयत्न केला तर आणखीच. शेवटी मी म्हटलं, राहू दे, अंदाजानं शिवते. तेवढ्यात तो कटिंगच्या टेबलाखाली गेला. तिथं शेंग्या चिंध्यांच्या ढिगावर आडवा पडलेला. मुलगा त्याच्यापासून हातभर अंतरावर बसला आणि त्याच्या बरगड्या वरखाली होताना बघत राहिला. शेंग्यानं एक डोळा उघडला, मिटला. शेपूटसुद्धा हलवली नाही. मी गुडघ्यावर बसून त्या पोराची छाती, खांदा, बाही, सगळी मापं घेतली. त्याला कळलंही नाही. टेबलाखालून बाहेर येताना माझंच डोकं आपटलं.

बहीण तेव्हापासून मागं लागली, ‘ताई, याला शाळेत आण की.’ आम्ही दोघी मुख्याध्यापकांकडं गेलो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘कागद काय आहे का याचा?’ मला राग आला होता, पण प्रश्न रास्त होता. उद्या एखाद्या लेकराला ओरखडा आला तर पालकांना ते काय दाखवणार, माझं तोंड?

कागद शोधायला लागल्यावर कळलं की असा सरकारी परवाना आपल्याकडं काही नसतो. कुत्रे घेऊन थेरपीचं काम करणाऱ्या संस्था आपापल्या कसोट्या घेतात आणि आपल्या जबाबदारीवर प्रमाणपत्र देतात. इंटरनेटवर तर एक साइट अशी सापडली की कुत्र्याचा फोटो आणि पैसे पाठवले की प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि गळ्यात घालायचा बिल्ला घरपोच. कुत्रा न बघता! ह्यांनी लगेच विचारलं, ‘म्हशीचं मिळतंय का बघ.’

शेवटी बहिणीच्या ओळखीतून पुण्यातल्या एका संस्थेचा नंबर मिळाला. फोनवरच्या मॅडमनी पहिल्यांदा माझा गोंधळ दूर केला. अंध माणसाला रस्ता दाखवणारा कुत्रा वेगळा. तो एका माणसासाठी शिकवलेला असतो, त्याच्याबरोबरच राहतो. थेरपी डॉग म्हणजे तुमचा घरचाच कुत्रा, जो तुमच्याबरोबर दुसऱ्यांना भेटायला जातो. दवाखाना, वृद्धाश्रम, शाळा. परीक्षा कुत्र्याची एकट्याची नसते, जोडीची असते. कुत्रा आणि त्याचा दोर धरणारा. मी दोर धरणार असेन तर मीच. मुलगा किंवा हे गेले तर त्यांची वेगळी परीक्षा. कुत्रा वर्षापेक्षा मोठा हवा आणि किमान सहा महिने तुमच्या घरात राहिलेला हवा. कच्चं मांस बंद. अमेरिकेतल्या पेट पार्टनर्स या जुन्या संस्थेचेही हेच नियम आहेत म्हणाल्या.

कच्च्या मांसाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण शेंग्याची सकाळ खाटकाकडच्या कोंबडीच्या पायांनी सुरू व्हायची. कच्च्या मांसातून साल्मोनेलासारखे जंतू कुत्र्याच्या तोंडात, विष्ठेत येतात. कुत्र्याला बहुतेक वेळा काही होत नाही, पण ज्या आजारी माणसाचा हात तो चाटणार त्याला होऊ शकतं. पाय बंद केले. शेंग्या चार दिवस खाटकाच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन असा उभा राहायचा की बघवत नव्हतं.

बहिणीनं तेव्हा तिच्या कोर्समध्ये वाचलेली गोष्ट सांगितली. बोरिस लेव्हिन्सन नावाचे एक अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञ होते. कुणाशी न बोलणारा एक मुलगा वेळेच्या आधीच त्यांच्या खोलीत आला आणि तिथं त्यांचा कुत्रा जिंगल्स होता. मुलगा कुत्र्याला बिलगला आणि हळूहळू डॉक्टरांनाही त्या दोघांच्यात घेऊ लागला. १९६२ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला तेव्हा त्यांच्याच व्यवसायातले लोक हसले म्हणे. मला त्यातलं आवडलं ते एवढंच, की जिंगल्सला कुणी मुद्दाम बोलावलं नव्हतं. तो आपल्या जागेवर होता. आमचा टेबलाखाली होता तसा.

शेंग्याच्या डॉक्टरांनी आरोग्याचा फॉर्म भरून द्यायला महिना घेतला, आणि बरोबरच होतं ते. रेबीजची लस दर वर्षी घेतोच, पण बाकीच्या आजारांवरचं नाइन-इन-वनचं इंजेक्शन चार महिने उशिरा गेलेलं. विष्ठेच्या तपासणीत जंत निघाले. कानाच्या आत गोचिड्या. आमच्या मागच्या गल्लीत गोठा आहे, त्यामुळं गोचिडी हा आमच्याकडचा कायमचा पाहुणा. औषध, पुन्हा तपासणी, मग सही. नखांचं मला नवल वाटलं. मॅडमचं म्हणणं, म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते, कुत्र्यानं प्रेमानं पंजा ठेवला तरी फाटते. म्हणून नखं नुसती कापून भागत नाही, कडा घासून गोल करायच्या. ते काम मी पॉलिशपेपरनं रात्री टीव्ही बघताना करायचे, एका दिवशी एक पाय.

शिकवणी दर पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉलवर. मला वाटलं होतं, शेकहँड, नमस्कार, लोळण असलं काही शिकवायचं असेल. अत्यांनी (माझ्या सासूबाई, वय ७८) तर त्याला विठ्ठलासारखे दोन पाय कमरेवर ठेवायला शिकवायचं मनात आणलं होतं. मॅडमनी पाठवलेला कागद उघडला तर त्यात कसरत एकही नाही. अनोळखी माणूस तुमच्याशी बोलतोय, कुत्र्यानं काही करायचं नाही. मागं भांडं पडतंय, पळायचं नाही. समोरून दुसरा कुत्रा जातोय, जायचं नाही. खाली खाऊ पडलाय, घ्यायचा नाही. अमेरिकन केनेल क्लबची १९८९ पासून चालत आलेली ‘गुड सिटिझन’ नावाची दहा कसोट्यांची परीक्षा आहे, तीही अशीच आहे म्हणे. थोडक्यात, चारचौघांत नीट वाग.

पहिली अडचण ‘बस’ची. चपळ पळणाऱ्या कुत्र्यांच्या मांड्या इतक्या ताठ आणि अंगावर चरबी इतकी कमी की फरशीवर बूड टेकवायला त्यांना नको वाटतं. शेंग्या ‘बस’ म्हटल्यावर मागचा भाग फरशीपासून दोन बोटं वर धरून थांबायचा, एसटीच्या सीटवर आधीच कुणाचा रुमाल दिसावा तसा. आठवडाभर असंच. मग मॅडम म्हणाल्या, बसण्याचा हट्ट सोडा, त्याला एक आसन द्या, त्यावर आडवा होऊ दे. मी घरातली जुनी सोलापुरी चादर चार पदरी घडी करून टाकली. चादरीवर पाय पडला की उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा. चारी पाय पडले की आणखी एक. आडवा झाला की तीन. पाच दिवसांत असं झालं की मी चादर काखेला मारली की हा पुढं पळत जाऊन जागा शोधायचा. ती चादर मग सगळीकडं गेली. बँकेच्या पायरीवर, बहिणीच्या अंगणात, कंबर तलावाच्या कट्ट्यावर. नवी जागा असली तरी खाली वास घरचा.

भांडी पाडायचं खातं अत्यांकडं होतं. नियम असा, की लांबच्या खोलीत चमचा, मग वाटी, मग ताट, शेवटी परात. आवाज झाला की लगेच चिकन. म्हणजे त्याच्या डोक्यात आवाज आणि चिकन यांची गाठ पडते. अत्यांना पहिल्याच दिवशी परात टाकायची होती. ‘एकदाचं होऊन जाऊ दे की!’ त्यांना थोपवता थोपवता माझे दिवस गेले. खरं म्हणजे मशिनींच्या खडखडाटात वाढलेला कुत्रा, आवाजाला भिऊ नये. पण मशीन सतत वाजतं, भांडं अचानक वाजतं. आणि जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं त्या रात्री हा दर वर्षी बाथरूममध्ये बादलीमागं जाऊन बसतो. ते अजूनही तसंच आहे. त्या रात्री मी त्याला काही शिकवायला जात नाही, पंखा आणि टीव्ही मोठ्यानं लावते.

खाली पडलेलं न उचलणं हा सगळ्यात महत्त्वाचा धडा, आणि कारण साधं आहे: जिथं आजारी माणसं तिथं फरशीवर गोळ्या. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याच्या पोटात गेली तर लिव्हर-किडनीवर बेतू शकतं. आम्ही कडक भाकरीच्या तुकड्यावर सराव केला. मुठीत तुकडा, तो नाक लावतो, चाटतो, पंज्यानं ओढतो, मी गप्प. ज्या क्षणी नाक मागं घेतलं त्या क्षणी दुसऱ्या हातातून चिकन. मग मूठ उघडी, मग तुकडा फरशीवर, मग तुकड्याशेजारून चालत जायचं. शब्द ‘राहू दे’. एकदा ह्यांनी जेवताना चटणीकडं हात नेला आणि मी अत्यांना काहीतरी सांगताना ‘राहू दे’ म्हणाले, तर ह्यांचा हात थांबला. शेंगाचटणी मात्र सरावातही वापरू नका. तिच्यात लसूण असतो आणि लसूण-कांदा कुत्र्याला बाधतो.

भाषेचं त्रांगडं पुण्याच्या मॅडमना समजावून सांगावं लागलं. आमच्या घरी ‘ये’. काज-बटणवाल्या बायकांतल्या निम्म्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली, त्या ‘इक्कड रा’ म्हणतात. बाकीच्या कानडीत ‘इल्ली बा’. कुत्रा बिचारा ‘ये’, ‘रा’ आणि ‘बा’ या तीन एकाक्षरी हाकांत उभा. जो कुणी बोलवेल त्याच्याकडं जायचा, म्हणजे मी सोडून सगळ्यांकडं. मग शब्दांऐवजी हाताच्या खुणा घातल्या. तळहात खाली म्हणजे आडवा हो, दोन बोटं मांडीवर म्हणजे माझ्याकडं. बायकांनी त्याही आठ दिवसांत उचलल्या आणि चहाच्या वेळी मलाच मांडीवर दोन बोटं वाजवून बोलवायला लागल्या.

मार्चनंतर सोलापुरात दिवसा कुत्रा बाहेर काढणं म्हणजे पाप. हाताची उलटी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघायची. आपल्याला सोसवलं नाही तर त्याच्या पंज्यालाही सोसवत नाही. म्हणून पहाटे साडेपाचला विजापूर रोडनं कंबर तलाव. व्हीलचेअर महिन्याभरासाठी भाड्यानं आणली होती. कटिंग मास्तर, अत्या, शेजारची पोरं, सगळे त्यात बसून फिरले. शेंग्या खुर्चीला नाही, तिच्या पुढच्या लहान चाकाला घाबरायचा. फिरतं, उडतं, सशाएवढं. घाबरायचा म्हणावं का त्याला मारावंसं वाटायचं कोण जाणे.

आणि अंगावरून हात फिरवण्याचा सराव. बायका जेवणाच्या सुट्टीत चारी बाजूंनी यायच्या, डोकं थोपटायच्या, कान ओढायच्या. शेंग्या उभा राहायचा. ओठ चाटायचा, तोंड दुसरीकडं वळवायचा, पण जागचा हलायचा नाही. मी कौतुकानं म्हणायचे, ‘बघा, कसा सोसतोय.’

नोव्हेंबरात पुण्याला गेलो. अडीचशे किलोमीटर, आदल्या दिवशीच. हडपसरला नणंदेकडं मुक्काम, तिथंच अंघोळ घातली. परीक्षेच्या आधीच्या चोवीस तासांत अंघोळ झालेली असावी असा नियम. गळ्यात मी युनिफॉर्मच्या उरलेल्या निळ्या कापडाचा रुमाल शिवून बांधला होता.

हॉलमध्ये संस्थेची चार-पाच माणसं नाटक करत होती. एक वॉकर घेऊन लंगडत आला, दोघं मोठमोठ्यानं भांडले, कुणीतरी मागं स्टीलची ट्रे सोडली. शेंग्यानं कान मागं केले, माझ्याकडं बघितलं, झालं. बिस्किटाशेजारून गेला. व्हीलचेअरच्या लहान चाकाकडं बघितलं आणि मान फिरवली. मी मनातल्या मनात प्रमाणपत्र फ्रेम करून मशीनच्या वर लावलंसुद्धा. मग तीन जण एकदम जवळ आले. एक डोकं थोपटतोय, एक पाठ चोळतोय, तिसरीनं वरून वाकून गळ्यात हात टाकला. शेंग्या उभा. मी दोर जरा आखडून धरला आणि परीक्षक मॅडमकडं बघून हसत म्हणाले, ‘काही करत नाही हो तो.’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ‘तो काही करत नाही, ते मला दिसतंय. पण तो काय सांगतोय, ते तुम्हाला दिसलं का?’

त्यांनी मोबाइलवरचं चित्रीकरण दाखवलं. सोळा सेकंद. त्यात त्यानं दोनदा ओठ चाटले, एकदा मोठी जांभई दिली, पुढचा उजवा पंजा उचलून धरला, आणि मान वळवली तेव्हा डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसली. जांभई झोपेची नव्हती. मी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत हेच बघत होते आणि त्याला ‘सोसतोय’ म्हणून शाबासकी देत होते. मॅडम म्हणाल्या, कुत्रे चावतात ते बहुतेक वेळा असं पुष्कळ सांगून झाल्यावर. हा खूप सोशिक आहे म्हणून गुरगुरला नाही. पण सोशिकपणावर मी कुणाच्या मुलाला त्याच्याजवळ बसवणार नाही. तीन महिन्यांनी या.

परतीच्या वाटेवर टेंभुर्णीपर्यंत मी बोलले नाही. चहाला थांबलो तेव्हा हे म्हणाले, ‘आईचे गुडघे दुखतात तेव्हा ती सांगती का कधी? नुसता भिंतीला हात लावून उठती. ते तुला बरोबर कळतं.’ मला तेव्हा ते बोलणं अजिबात आवडलं नव्हतं.

कटिंगचं जुनं रजिस्टर घेतलं आणि त्यात शेंग्याच्या नावानं पानं पाडली. तारीख, जागा, कोण होतं, त्यानं काय केलं, किती मिनिटांनी. वीस-पंचवीस पानांनंतर माझ्यासारखीलाही दिसायला लागलं. वरून डोक्यावर हात आला की ओठ. खालून, छातीशी हात आला की काही नाही, उलट पुढं सरकतो. एका वेळी एक माणूस चालतं, दोन चालतात, तिसरा आला की पंजा वर. पंचवीस मिनिटांनंतर काहीही असो, जांभई. आणि पोरं! पोरं अचानक धावतात, अचानक थांबतात, चिरकतात. गल्लीतली पोरं जवळ असताना त्याचे कान कधीच सैल नसायचे. हे मी रजिस्टरात सहा वेळा लिहिलं आणि सहाही वेळा त्यावरून नजर वळवली, कारण मला त्याला शाळेत न्यायचं होतं.

मॅडमनी एक युक्ती दिली होती, ती सगळ्या कुत्रेवाल्यांनी करून बघावी. तीन सेकंद कुरवाळायचं आणि हात काढून घ्यायचा. कुत्रा जवळ आला, नाकानं हात ढोसला, तर हो. तिथंच राहिला, अंग झटकलं, बाजूला बघितलं, तर नको. आम्ही घरात सगळ्यांनी केलं. अत्यांकडं तो दर वेळी सरकला. ह्यांच्याकडं निम्म्या वेळा. माझ्याकडं, मी इतकं करते त्याचं, दहातून सहा वेळा.

कुत्र्याचं शिकणं त्या तीन महिन्यांत फारसं झालंच नाही. मला एक वाक्य घोटवायचं होतं: ‘थांबा, आता त्याला पुरे.’ ऐकायला सोपं आहे. पण आलेल्या माणसाला, त्यातून मोठ्या माणसाला, हात मागं घ्या म्हणायला आपली जीभ वळत नाही. पाहुण्यानं तिसऱ्यांदा भाकरी नको म्हटलं तरी आपण वाढतो. सोलापुरात तर ‘नको’ ऐकूच येत नाही, तेलुगूत ‘वद्दू’ म्हणा नाहीतर कानडीत ‘ब्याड’ म्हणा, ताटात पडतंच. मी अत्यांवर सराव केला. पहिल्यांदा म्हटलं तर त्या चार तास फुगून बसल्या. तिसऱ्या दिवशी त्याच बायकांना सांगत होत्या, ‘ए, डोक्यावर नको हात लावू, खालनं लाव. त्याला पुरे झालं आता, जा मशीनवर.’

फेब्रुवारीत पुन्हा गेलो. तोच हॉल, तीच ट्रे. तिघं जवळ आले. शेंग्यानं ओठ चाटले, एकदाच. मी त्याच्या आणि त्यांच्या मध्ये पाय टाकला आणि म्हणाले, ‘एकेकानं या. डोक्यावर नको, छातीशी.’ आवाज जरा मोठाच लागला. ती गळ्यात हात टाकणारी मुलगी दचकली, शेंग्या नाही.

पास झालो. प्रमाणपत्र एक वर्षाचं, पहिल्या तीन भेटींना संस्थेचं माणूस बरोबर, एका वेळी जास्तीत जास्त अर्धा तास, आणि खाली हातानं लिहिलेली ओळ: शांत जागी, प्रौढ व्यक्तींसाठी, लहान मुलांच्या गटासाठी नाही. मी वाचलं आणि काही विचारलं नाही. रजिस्टर माझ्या पिशवीतच होतं.

बहिणीला फोन केला. ती जरा वेळ गप्प, मग म्हणाली, ‘बरं.’ मुख्याध्यापकांनी तो कागद बघितला असता तर ‘हेच म्हणत होतो’ म्हणाले असते. आम्ही दाखवायला गेलोच नाही. तो मुलगा जूनमध्ये मापं द्यायला येतो. शेंग्या टेबलाखाली असला तर असतो, नसला तर मी अंदाजानं शिवते.

आम्ही जातो एका वृद्धाश्रमात, महिन्यातून दोनदा, सकाळी. पहिल्या दिवशी मी व्हरांड्यात चादर अंथरली, शेंग्या आडवा झाला, मी सॅनिटायझर घेऊन तयार. चार-पाच म्हातारी माणसं खुर्च्या ओढून बसली. वाटलं, आता कुत्र्याकडं बघतील. त्यांतले एक अण्णा, पूर्वी मागावर काम केलेले, सावकाश वाकले आणि त्यांनी चादरीची कड उलटून बघितली. अंगठा आणि बोटात धरून चोळली. उजेडाला धरली. शेंग्याचा पाय त्या टोकावर होता, तो त्यांनी बोटानं हळूच उचलून बाजूला ठेवला. ‘मिक्स धागा हाय,’ ते म्हणाले. ‘कुठनं घेतली?’ मग पाऊण तास गेला असता, कुठल्या पेठेत कुणाचा कारखाना, जॅकार्डवर फूल कसं उठतं, कधी बंद पडला, या सगळ्यात. एक आजी मध्येच ‘इक्कड रा’ म्हणाल्या. शेंग्यानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, मी मांडीवरचा हात काढला, तसा तो उठून त्यांच्या खुर्चीशी गेला आणि आपली लांब मान त्यांच्या मांडीवर ठेवली. आजींनी डोक्याकडं हात नेला. मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी त्यांचा हात धरून खाली छातीशी नेला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बावीस-तेवीस मिनिटं झाली असतील. मी आजींशी बोलत होते, त्यांच्या सुनेचं गाऱ्हाणं रंगात आलेलं, घड्याळाकडं लक्ष नव्हतं. अण्णा चादरीकडं बघत बसलेले. ते म्हणाले, ‘ताई, न्या त्याला. वद्दू म्हणतंय ते.’

मी बघितलं तेव्हा शेंग्याची जांभई निम्मी झाली होती. आजींना म्हटलं, आता त्याला पुरे. त्या ‘हां हां, जा बाबा’ म्हणाल्या. चादर झटकली, घडी घातली. अण्णा फाटकापर्यंत वॉकर घेऊन आले.

‘फुडल्या वेळी सुती आण,’ म्हणाले. ‘ही टोचत असंल त्याला.’